बल्गेरिया आधी पडला

पहिला फुटला तो क्षितिज.

राजाराममास्तरांनी तारीखही डायरीत टिपून ठेवली होती. २९ सप्टेंबर, सोमवार. खाली एकच शब्द: बल्गेरिया.

आता घरातल्या भांडणात बल्गेरिया कुठून आला असं कुणी विचारेल, तर त्यात मास्तरांचा फारसा दोष नाही. चौतीस वर्षं कराडच्या एकाच शाळेत इतिहास शिकवला आणि चौतीस वर्षं एक प्रश्न काही सोडला नाही. ‘पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या आठवड्यांत जर्मनीच्या मित्रराष्ट्रांची सरकारे एकामागून एक का कोसळली? थोडक्यात लिहा. गुण पाच.’ पोरं ‘थोडक्यात’ म्हणजे दोन ओळी असं समजायची आणि मास्तर दोन गुण द्यायचे. सहा आठवड्यांचा खेळ तो. सप्टेंबरअखेर बल्गेरियानं हात वर केले आणि त्याचा राजा गादी सोडून चालता झाला. ऑक्टोबरात तुर्कस्तानचं मंत्रिमंडळ गडगडलं. नोव्हेंबर उजाडतोय तोवर ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचे तुकडे झाले. इतकी वर्षं गळ्यात गळे घालून लढलेले सगळे आपापला तह करून मोकळे, आणि जर्मनी बसली एकटी.

इथंही तेच झालं होतं. फक्त जर्मनी म्हणजे त्यांची थोरली लेक, मृदुला.

भांडण नावावरून. १४ सप्टेंबरला ऑकलंडमध्ये मास्तरांच्या मुलाला, क्षितिजला, आणि सुनेला, निवेदिताला, मुलगी झाली. पाचव्या दिवशी गाडीनं आठ तासांवरच्या पोरिरुआहून मृदुलाचा फोन आला, “नाव आत्या ठेवते. आत्या मी. नाव शकुंतला. विषय संपला.” या घरात विषय संपला असं कुणी म्हटलं की विषय सुरू होतो.

शकुंतला म्हणजे शकुआत्या, मास्तरांची थोरली बहीण. ती मार्चमध्ये गेली. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही, कराडच्या वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं देत-घेत बसलेली. मृदुलानं सतरावं स्थळ नाकारलं आणि सगळं घर तिच्यावर तुटून पडलं, तेव्हा ही एकटी म्हणाली होती, “नको म्हणते ना ती? मग नको.” पुढं मृदुलाचं न्यूझीलंडला येणं, पोरिरुआत औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभं राहणं, एकटीनं घर घेणं, सगळं त्या एका वाक्याच्या जिवावर झालं. आत्या गेली तेव्हा मात्र मृदुलाला तिकीट मिळेपर्यंत तिकडं सगळं आटोपलेलं होतं. ते तिला अजून लागून राहिलं आहे.

सुरुवातीला आघाडी कशी भक्कम होती! क्षितिज म्हणाला, “ताई, तू म्हणशील ते.” म्हणणारच. या देशात आल्यावर तो ताईच्या गराजात दोन वर्षं राहिला होता आणि तिच्या फ्रिजमधलं चीज कधी शिल्लक ठेवलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी मास्तरांबरोबर क्षितिजकडे राहायला आलेल्या त्यांच्या पत्नी श्यामलाबाई म्हणाल्या, “आत्याचा मान आहे तो.” मास्तर म्हणाले, “माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव, मी काय वेगळं सांगणार?” पलीकडच्या बाजूला दोघीच, निवेदिता आणि तिच्या बाळंतपणासाठी ठाण्याहून आलेली तिची आई, प्रमोदिनीबाई. त्यांचं नाव ठरलेलं. इरा. दोन अक्षरं, कुणालाही म्हणता येतील अशी.

क्षितिज दहा दिवस टिकला. ऑफिसात नाव विचारणाऱ्या चौघांना त्यानं ‘शकुंतला’ सांगून पाहिलं. चौघंही “ब्यूटिफुल!” म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून चौघंही नुसतं ‘द बेबी’ कशी आहे एवढंच विचारायला लागले. संध्याकाळी त्यानं आईला बाजूला घेऊन सांगितलं, “आपण जरा प्रॅक्टिकल व्हायला पाहिजे.” बल्गेरिया याहून वेगळं काही म्हणाला नसेल.

श्यामलाबाई दसऱ्याला पडल्या. त्यांच्याशी कुणी लढलंसुद्धा नाही. प्रमोदिनीबाईंच्या शेजारी बसून डिंकाचे लाडू वळता वळता, दुपारच्या मालिका बघता बघता त्या गेल्या. मास्तरांनी विचारलं तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “अहो, सहा महिने मी इथं भिंतीशी बोलत होते. दिवसभर गप्पा मारायला एक बाई मिळाली, तिला काय नावावरून तोडू?” मास्तरांनी डायरीत तुर्कस्तान लिहिलं. खऱ्या इतिहासापेक्षा जरा लवकरच झालं, पण चालायचंच.

आणि ऑस्ट्रिया? ऑस्ट्रिया म्हणजे मास्तर स्वतः. ते डायरीत लिहिलेलं नाही.

१९ ऑक्टोबरच्या रविवारी ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या क्षितिजच्या घरात जेवणाच्या टेबलावर जन्मनोंदणीचा फॉर्म आला. मूल दोन महिन्यांचं व्हायच्या आत सरकारला नाव कळवायचं असतं. क्षितिज म्हणाला, “बाबा, जरा तपासता का?” आता मास्तरांना इथं आल्यापासून कुणी काही तपासायला दिलं नव्हतं. ते खुलले. “आधी पेन्सिलनं लिहायचं. मी बघतो. मग पेनानं गिरवायचं,” त्यांनी शिस्त घालून दिली. क्षितिजनं पेन्सिलनं लिहिलं: पहिलं नाव इरा, मधल्या चौकटीत आपल्या रीतीप्रमाणे बापाचं, म्हणजे क्षितिज, आणि शेवटी मिराशी. मास्तरांनी तारीख पाहिली, पत्ता पाहिला, कोपऱ्यात बरोबरची खूण केली. बहिणीचं नाव त्यांना आठवलं, नाही असं नाही. पण मुलाच्या घरी आपण पाहुणे, हेही त्याच वेळी आठवलं. क्षितिज-निवेदितानं पेनानं सह्या केल्या. निवेदिता म्हणाली, “राहू दे, बाकीचं मी गिरवते आणि पोस्ट करते.” मग टेबल पुसून त्यावर पोहे आले.

मृदुलाला हे कुणी सांगितलं नाही. क्षितिजला वाटलं आई सांगेल, आईला वाटलं बाबा सांगतील, बाबांना वाटलं ज्यानं केलं त्यानंच सांगावं. भाऊबीजेला तिचा फोन आला तेव्हा तो इतक्या झटपट एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला की ती म्हणाली, “तिकडं सगळ्यांना एकदम बाथरूमला लागलीय का?”

बारसं ठरलं ९ नोव्हेंबरच्या रविवारी.

*

आदल्या दिवशी दुपारी चारला मृदुलाची निळी गाडी ड्राइव्हवेत शिरली. क्षितिज मत देऊन नुकताच परत आला होता. त्या दिवशी देशाची निवडणूक होती. पायांत जांदल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात कोथिंबिरीची जुडी, तसाच तो पुढं झाला.

“ये ताई. कसा झाला ड्राइव्ह?”

“आठ तास गाडीत एकटीच बोलत आले. मजा आली. कुणी मधे बोललं नाही.” तिनं डिकी उघडली. “तो वरवंटा काढ.”

वरवंटा जुन्या साडीत गुंडाळलेला होता. बारा वर्षांपूर्वी ही बाई तो कराडहून घेऊन आली होती, शकुआत्यानं दिलेला. विमानतळावरच्या माणसानं विचारलं होतं, “मॅम, हा दगड का आणलात?” ही म्हणाली, “आमच्या बाळांच्या समारंभाला लागतो.” त्यानं घाबरून विचारलं, “बाळाचं काय करता त्यानं?” ती गोष्ट घरात दर दिवाळीला होते.

“जड आहे गं,” क्षितिज म्हणाला.

“तुझ्या बारशाला ह्यालाच टोपरं घालून तुझ्या आधी पाळण्याखालून फिरवला होता. म्हणायचे, बाळ असं घट्ट होऊ दे. तो आहे तसाच आहे बघ.” तिनं त्याच्या पोटाकडे पाहिलं. “कुठाय माझी शकू?”

क्षितिज वरवंटा छातीशी धरून उभा राहिला. चाळीशीला टेकलेला माणूस, हाताखाली अकरा प्रोग्रॅमर, पण ताईसमोर त्याचा आठवीतला पोरगा व्हायचा. सांगून टाकावं, आत्ताच. ताई, ते फॉर्मचं… तेवढ्यात आतून बाळाचा रडण्याचा आवाज आला आणि ताई त्याला ओलांडून गेलीसुद्धा. क्षितिजला इतकं हायसं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

स्वयंपाकघरात फळांच्या भांड्याखाली एक लिफाफा होता. सरकारी. गुरुवारी आलेला. आत बाळाचा जन्मदाखला असणार हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्यानं तो उघडला नव्हता. निवेदिता दोन दिवस मागं लागली होती.

“उघडलास का तो लिफाफा?” तिनं आत्ताही हळूच विचारलं.

“पॉवरचं बिल असेल.”

“नाहीये ते बिल. उघड ना क्षितिज. प्लीज. ताईंच्या आधी तू बघ.”

“बारसं झालं की बघतो.” त्यानं लिफाफा किटलीमागं सरकवला. निवेदितानं मान हलवून कोथिंबीर निवडायला घेतली.

सात वाजता टीव्हीवर मतमोजणी सुरू झाली. बाहेर अजून चांगला उजेड होता. सगळे ताटं घेऊन समोर बसले. नऊ वर्षांचं सरकार घसरायला लागलं तसा मृदुलाचा चेहरा खुलत गेला. पक्षाशी तिला काही घेणंदेणं नव्हतं.

“बघा बाबा,” ती म्हणाली, “मित्रपक्षांनी साथ सोडली की काय होतं.”

मास्तरांच्या घशात आमटी अडकली. श्यामलाबाईंनी पापड मोडला, मग त्याचे आणखी तुकडे केले.

“आमच्याकडे असं नाही हो,” प्रमोदिनीबाई उगाचच म्हणाल्या.

“नाहीच मुळी,” मृदुला म्हणाली. मग तिनं मांडीवरच्या बाळाच्या तळपायाला बोट लावलं. “तसं काकू, इरा हेही नाव छान आहे हं.”

झालं! क्षणभर कुणाचा कानावर विश्वास बसेना. मग प्रमोदिनीबाई उठल्या त्या थेट फ्रिजकडे, उद्याचं श्रीखंड आजच बाहेर आलं. श्यामलाबाईंनी लेकीच्या गालावरून बोटं ओवाळून कडकडा मोडली. क्षितिजनं ताईला मिठीच मारली. “स्वीट ऍज, ताई! एकदम झकास! मला माहीत होतं तू समजून घेशील.”

“छान आहे म्हटलं,” मृदुला म्हणाली. पण श्रीखंडाच्या गडबडीत ते ऐकलं फक्त मास्तरांनी.

“नव्वद वर्षांपूर्वी,” मास्तरांनी घसा खाकरला, “आजच्याच तारखेला, आठ नोव्हेंबरला, ह्याच ऑकलंडात बातमी आली की महायुद्ध संपलं. माणसं रस्त्यावर येऊन नाचली, दुकानं बंद झाली. आणि ती बातमी खोटी निघाली. खरा तह झाला अकराला. मी लायब्ररीत वाचलंय.”

“बाबा, श्रीखंड घ्या,” क्षितिज म्हणाला.

*

पहाटे सहाला निवेदिता बाळाला पाजत बसली होती. गेले आठ आठवडे याच वेळी तिचा फोन थरथरायचा. आज फोन वाजला नाही. दारावर टकटक झाली आणि मृदुला सुंठीचा चहा घेऊन आत आली.

“झोपलीस का?”

निवेदिताला हसू आलं. रोज फोनवर पहिला प्रश्न हाच. तिची स्वतःची आई विचारायची बाळ प्यायलं का, सासू विचारायची बाळाला शी झाली का, नर्स विचारायची बाळाचं वजन किती. तू झोपलीस का, हे फक्त पोरिरुआहून यायचं. दुसऱ्या आठवड्यात ती फोनवर काही कारण नसताना अर्धा तास रडली होती. मृदुलानं दुकान उशिरा उघडलं होतं, पण फोन ठेवला नव्हता. आणि त्या सगळ्या फोनांत नावाचा ‘न’ तिनं कधी काढला नव्हता. भांडण दुपारच्या फोनवर, क्षितिजशी.

“ताई, माझ्यावर राग आहे तुमचा? नावावरून?”

“तुझ्यावर कशाला? तू तोंडावर सांगितलंस, मला इरा हवंय. समोरच्याचा राग येत नाही गं.” मृदुलानं बाळाचं झबलं सारखं केलं. “आपल्या बाजूचे गप्प होतात ना, त्यांचा येतो. गेले दोन आठवडे बाबा माझ्याशी फक्त हवामानावर बोलताहेत. मला कळत नाही का?”

निवेदिता चहाच्या कपाकडे बघत राहिली. ओठावर आलेलं तिनं मागं ढकललं. हे आपल्या तोंडून नको, तिला वाटलं. त्या किटलीमागच्या कागदावरून कळलेलंच बरं.

“ताई, आज काही ऐकलंत, तर लगेच गाडी काढून निघू नका. एवढंच.”

“आता तर मला ऐकायलाच पाहिजे,” मृदुला म्हणाली.

*

नऊ वाजता मृदुला गराजात होती. गाड्या बाहेर काढून तिथंच बारसं मांडलं होतं. ट्रेड मीच्या वेबसाइटवरून जुना घेतलेला लाकडी पाळणा, त्याला झेंडू नाहीत म्हणून नर्सरीतली पिवळी शेवंती, भिंतीवर क्षितिजचा सर्फबोर्ड. ती एका खुर्चीत बसून वरवंट्याला टोपरं बांधत होती.

मास्तर दारात येऊन उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, खिशात लिफाफा. तो त्यांनी सकाळीच किटलीमागून उचलला होता. रात्रभर त्यांना झोप नव्हती. लेक दोन तासांनी साठ माणसांसमोर पाळण्यात वाकणार, कानात नाव सांगणार, आणि सगळ्या घराला माहीत असणार की ते नाव तीन आठवड्यांपूर्वीच ठेवून झालंय. तिला एकटीला माहीत नसणार. ते त्यांना बघवलं नसतं.

“मृदे.”

“या बाबा. हवामान कसं आहे?”

त्यांनी ते सोसलं. शेजारची खुर्ची ओढून बसले. “नाव लागून गेलंय. सरकारात. इरा. एकोणीस ऑक्टोबरला फॉर्म भरला.”

तिचे हात थांबले. टोपऱ्याची नाडी अर्धीच बांधलेली राहिली.

“भाऊबीजेच्या आधी?”

“आधी.”

“आईला माहितीय?”

“हो.”

“तुम्ही होतात तिथं?”

“होतो.” मास्तरांचा आवाज बारीक झाला. “मी तपासला फॉर्म. बरोबरची खूणसुद्धा केली.”

मृदुला हसली, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. “अख्ख्या कराडला माहीत होतं, मास्तर कुणाचा चुकलेला पेपर सोडत नाहीत. आणि माझ्या वेळी तुम्ही खूण केलीत?”

“चुकलं माझं.”

“नुसतं चुकलं नाही बाबा. मला दुखलंय.” तिचे डोळे भरले आणि तिनं ते पुसले नाहीत. “मला नाव हवं होतं का? इरा काय, मीरा काय, काय फरक पडतो? पण शकुआत्याला मूल नाही. मला मूल नाही. आम्हांला कोण हाक मारणार पुढं? एकदा, एका कुठल्यातरी घरात, कुणीतरी ‘शकू, जेवायला ये’ म्हणावं, एवढंच हवं होतं मला. त्यासाठी मी तुमच्या सगळ्यांच्या जिवावर भांडत होते. आणि तुम्ही सगळे पळालेले, मी एकटीच आरडाओरडा करतेय.”

चौतीस वर्षं मास्तरांनी पोरांना कारणं लिहायला लावली होती: लष्करी थकवा, अन्नटंचाई, अंतर्गत असंतोष. एकाही पोरानं लिहिलं नाही, आणि त्यांनीही कधी शिकवलं नाही, की मागं उरलेल्याला काय वाटतं.

“मुलाच्या घरात राहतो गं,” ते शेवटी म्हणाले. “त्यानं मत विचारलं ह्यातच मी हुरळलो. शकूला मी तिच्या हयातीतही असंच वाऱ्यावर सोडलं होतं, तिला नवऱ्यानं टाकलं तेव्हा. तू लहान होतीस.” त्यांनी खिशातून लिफाफा काढला. “दाखला आहे. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही म्हणून फोडला नाही, नुसता पळवलाय. आता काय करायचं ते तू ठरव. निघून गेलीस तर मी बोल लावणार नाही.”

तिनं लिफाफा घेतला, घडी न घालता कमरेला खोचला, आणि वरवंट्याच्या टोपऱ्याची नाडी करकचून बांधली.

“निघून कशाला जाऊ? आत्या आहे मी. बारसं माझ्याशिवाय होतं का?”

तिच्या त्या शांतपणाला मास्तर जास्त घाबरले.

*

अकराला गराज भरलं. वेस्ट ऑकलंडातलं निम्मं मराठी मंडळ, शेजारची सामोअन आजी केकचा ट्रे घेऊन, मागं दाराशी पोरांचा इंग्रजी कलकलाट. ऋग्वेदा नावाच्या गोड गळ्याच्या मुलीनं पाळणा म्हटला. टोपरं घातलेला वरवंटा पाळण्याच्या खालून गेला, वरून आला, तेव्हा सामोअन आजी इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. मग बाळ गेलं, खालून वर, वरून खाली, आणि पाळण्यात निजलं.

“चला आत्याबाई!” कुणीतरी ओरडलं. बायका मृदुलाच्या मागं दाटल्या. आत्या वाकली की पाठीत धपाटे घालायचे, हा सगळ्यांचा आवडता भाग.

मृदुला वाकली नाही. तिनं कमरेचा लिफाफा काढून वर धरला.

“थांबा. नाव आत्या ठेवते म्हणतात. पण ह्या घरात आत्याच्या आधी सरकार येऊन गेलंय. तेव्हा सरकारनं काय ठेवलंय ते बघते आणि तेवढंच कानात सांगते. उगाच माझ्याकडून चूक नको.”

क्षितिजच्या हातातला घुगऱ्यांचा डाव पातेल्यात पडला. श्यामलाबाईंचा चेहरा उतरला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. प्रमोदिनीबाईंना काही कळलं नाही, त्या धपाट्याच्या तयारीत हात उचलून उभ्याच होत्या.

मृदुलानं लिफाफा फाडला. कागद उलगडला. वाचला. चष्मा नीट करून पुन्हा वाचला. मग तिनं पाळण्याच्या पलीकडे बसलेल्या निवेदिताकडे पाहिलं. निवेदिता बाळाचं दुपटं विनाकारण सारखं करत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

कागद मृदुलाच्या हातून सुटला. ती खाली वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

“कुर्रर्र…”

धपाधप धपाटे पडले. प्रमोदिनीबाईंचा सगळ्यांत जोरात. “अगं, आता मोठ्यानं सांग की!”

मृदुला उठेचना.

क्षितिजनं पायाशी पडलेला कागद उचलला आणि मनातल्या मनात वाचायला गेला, पण तोंडातून मोठ्यानंच निघालं. “इरा… शकुंतला… मिराशी.” तो थांबला. “आणि मी? माझं नाव कुठं गेलं?”

“पेन्सिलचं होतं,” निवेदिता म्हणाली. “खोडलं.”

सगळ्यांत आधी ऋग्वेदा हसली, मग सगळं गराज. “निवे! मला बोलली नाहीस ते!” प्रमोदिनीबाईंनी कपाळाला हात लावला.

“आई, तू बोलू दिलं असतंस?” निवेदिता मान वर न करताच म्हणाली. “मला इरा हवं होतं, ते मी ठेवलं. पण आठ आठवडे रोज सकाळी सहाला मला कुणी विचारलं, तू झोपलीस का? त्या बाईला मी रिकाम्या हातानं परत पाठवू? बाप काय, रोज समोर असणारच आहे. त्याचं नाव कागदावर कशाला हवं?” मग नवऱ्याकडे वळून, “आणि तुला तीन दिवस सांगतेय, लिफाफा उघड, लिफाफा उघड.”

“बल्गेरिया,” मास्तर मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आधी पडणाऱ्याला तहात एवढंच मिळतं.” मग ते सुनेकडे वळले. “पण जिंकणाऱ्यानं असा तह तेव्हा केला असता ना पोरी, तर मला दुसरं महायुद्ध शिकवावं लागलं नसतं.”

हशा ओसरला तरी मृदुला वाकलेलीच होती. पाळण्यातून पुटपुटणं ऐकू येत होतं. एका नावाला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ती त्या कानाशी काहीतरी सांगत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

“अगं बाई, जोरात लागलं की काय तिला?” प्रमोदिनीबाई घाबरून म्हणाल्या.

गर्दीतून वाट काढत श्यामलाबाई पुढं आल्या. आईनंही एक धपाटा घालायचा असतो, म्हणून त्यांनी हात उचलला. पण तो त्यांच्यानं घालवेना. त्यांनी तो हात हळूच लेकीच्या पाठीवर टेकवला आणि तिथंच राहू दिला.